आरोप पहिल्या पानावर, सुटका आतल्या पानावर

१७ जुलै २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. नीना बन्सल कृष्णा यांनी ७० भारतीय नागरिकांविरुद्धची १६ आरोपपत्रे रद्द केली. या लोकांचा गुन्हा काय होता? मार्च २०२० मध्ये निजामुद्दीन मरकजच्या निमित्ताने आलेल्या परदेशी तबलीगी पाहुण्यांना त्यांनी मशिदींत आणि घरांत आसरा दिला, एवढाच. टाळेबंदी लागल्यामुळे अडकून पडलेले हे असहाय लोक होते, असे न्यायालयाने म्हटले. त्यांना कोरोना झाला होता किंवा त्यांनी तो पसरवला, असा साधा उल्लेखही आरोपपत्रांत नव्हता.

पाच वर्षे हा खटला या लोकांच्या मानगुटीवर बसला होता. आता वाचकांनी स्वतःलाच एक प्रश्न विचारावा. मार्च-एप्रिल २०२० मध्ये तबलीगी जमातच्या बातम्या किती पाहिल्या, आणि या निकालाची बातमी किती ठिकाणी दिसली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना मोजदाद चुकेल. दुसऱ्याचं उत्तर अनेकांच्या बाबतीत ‘आत्ताच कळलं’ असं असेल. या दोन उत्तरांत जे अंतर आहे, तिथेच जनमत घडवलं जातं आणि बिघडवलंही जातं.

माध्यमे खोटे बोलतात, अशी तक्रार आपण नेहमी करतो. पण नुसती तक्रार करून कारभार कसा चालतो ते कळत नाही. म्हणून २०२० चा तो एक महिना आम्ही पुन्हा उलगडून पाहत आहोत. त्यात वापरलेली प्रत्येक युक्ती त्यानंतरही वापरली गेली आहे आणि पुढेही वापरली जाणार आहे.

आधी घटनाक्रम

१३ मार्च २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचे अधिकारी सांगत होते की, कोरोना ही आरोग्य आणीबाणी नाही. त्याच सुमारास मरकजमध्ये इज्तेमा सुरू होता. १६ मार्चला दिल्ली सरकारने ५० पेक्षा जास्त लोकांच्या जमावावर बंदी घातली. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, रेल्वे बंद झाली. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली, ती अवघ्या चार तासांच्या मुदतीवर. मरकजमध्ये तेव्हा दोन हजारांहून अधिक लोक होते. मार्चअखेर ते बाहेर काढले गेले.

संसदेचे अधिवेशन २३ मार्चपर्यंत चालू होते. त्याच दिवशी मध्य प्रदेशात नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. हे सांगण्याचा हेतू मरकजची गर्दी योग्य ठरवणे हा नाही. मरकजच्या व्यवस्थापनाने आधीच सावध व्हायला हवे होते, असे समाजातल्या अनेक जाणत्यांनी तेव्हाच उघडपणे म्हटले होते. तिथे संसर्ग झाला, माणसे दगावली, हेही खरे आहे. आपल्याकडे महाराष्ट्रात वसईला मार्चच्या मध्यात होणारा तबलीगचा मोठा इज्तेमा परवानगी नाकारल्यामुळे झालाच नाही. म्हणजे प्रशासनाने वेळेवर ठरवले तर प्रश्न सुटू शकत होता. चर्चा व्हायला हवी होती ती या निष्काळजीपणाची, मग तो मरकजचा असो, पोलिसांचा असो की सरकारचा. चर्चा झाली ती मात्र ‘कटा’ची. निष्काळजीपणाचे कटात रूपांतर कसे झाले, हे पाहण्यासारखे आहे.

पहिली युक्ती : शब्द

टाळेबंदीत देशभर लाखो लोक जिथे होते तिथेच थांबले. वैष्णोदेवीला गेलेले यात्रेकरू कटऱ्यात राहिले. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात पंजाबचे हजारो शीख भाविक महिनाभर राहिले. त्यांच्या बातम्यांत शब्द होता ‘अडकले’. तो योग्यच होता, बिचारे खरोखर अडकले होते. मरकजमधले आणि गावोगावच्या मशिदींतले जमाती मात्र ‘लपले’ होते. त्यांना ‘शोधून काढलं’, ‘पकडलं’ अशा बातम्या आल्या.

परिस्थिती एकच, पण क्रियापदं दोन. ‘अडकले’ म्हटलं की मनात दया येते, ‘लपले’ म्हटलं की संशय येतो. यात खोटी माहिती एकही नाही, त्यामुळे कुणी तक्रार करायला गेला तर हाती काही लागत नाही. म्हणूनच ही युक्ती सगळ्यांत जास्त चालते. बातमी वाचताना आपण नावे आणि आकडे तपासतो, क्रियापदं कधी तपासत नाही.

दुसरी युक्ती : खरा आकडा, अर्धा हिशेब

१८ एप्रिल २०२० रोजी आरोग्य मंत्रालयाने सांगितले की, देशातल्या १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ म्हणजे २९.८ टक्के रुग्ण मरकजशी संबंधित आहेत. त्याआधी ४ एप्रिललाही असाच सुमारे ३० टक्क्यांचा आकडा दिला गेला होता. आकडा सरकारी होता, मग त्यात गडबड काय?

एक साधं उदाहरण घेऊ. एका गावात दोन गल्ल्या आहेत. दोन्हींत हजार-हजार माणसे राहतात आणि दोन्हींत वीस-वीस जण आजारी आहेत. आरोग्य पथकाने एका गल्लीत ५०० जणांची तपासणी केली, दुसरीत फक्त ५० जणांची. पहिल्या गल्लीत साधारण दहा रुग्ण सापडतील, दुसरीत एक. संध्याकाळी मथळा येईल, ‘गावातले ९१ टक्के रुग्ण एकाच गल्लीतले’. आकडा खरा, अर्थ साफ खोटा.

त्या वेळी देशात तपासण्या फार कमी होत होत्या. जमातीच्या लोकांना आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना मात्र शोधून शोधून तपासले जात होते. आजार रोखण्यासाठी ते आवश्यकही होते. पण जिथे जास्त शोधाल तिथे जास्त सापडणार, ही दुसरी बाजू टीव्हीच्या पडद्यावर आली नाही. शिवाय दुसऱ्या कुठल्या गर्दीचा असा वेगळा हिशेब रोजच्या रोज मांडला गेला नाही. एखाद्या समूहाचाच आकडा रोज वाचून दाखवला की ‘या आजाराला एक धर्म आहे’ हे मुद्दाम सांगावे लागत नाही, लोक आपोआप तसे समजू लागतात.

६ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णांची धर्मावरून वर्गवारी करू नका, असे सांगितले. ८ एप्रिलला आरोग्य मंत्रालयानेही कुठल्याही समाजाला दोष देऊ नका, असे पत्रक काढले. पण तोवर बाण सुटला होता.

तिसरी युक्ती : जुनी चित्रफीत, नवी ओळ

त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर तीन चित्रफिती घरोघर पोहोचल्या. एकीत एक तरुण पोलिसांवर थुंकताना दिसतो. ती ‘जमाती थुंकतोय’ म्हणून फिरली. प्रत्यक्षात ती फेब्रुवारी २०२० मधली, आपल्याच मुंबई परिसरातली होती. तो एक कच्चा कैदी होता आणि जमातशी त्याचा काही संबंध नव्हता. दुसरीत काही लोक ताटे चाटताना दिसतात. ती काही वर्षांपूर्वीची, बोहरा समाजातली होती. अन्नाचा कणही वाया जाऊ नये म्हणून ताट स्वच्छ करण्याची ती त्यांची रीत. तिसरीत काही लोक जोरजोरात श्वास घेत होते. तो सूफी जिक्र होता, ‘शिंकून विषाणू पसरवणे’ नव्हे.

तिन्हींत चित्र खरे होते. खोटी होती ती खाली लिहिलेली ओळ. लोक म्हणतात, ‘डोळ्यांनी पाहिलंय’. डोळ्यांनी पाहिलेलं असतं ते फक्त दृश्य. ते कुठलं, कधीचं, कुणाचं, हे कुणीतरी दुसऱ्यानेच सांगितलेलं असतं.

मोठ्या वाहिन्या आणि वृत्तसंस्थाही यातून सुटल्या नाहीत. सहारनपूरमध्ये विलगीकरणातल्या जमातींनी मांसाहारासाठी गोंधळ घातल्याची बातमी आली, सहारनपूर पोलिसांनी ती खोटी असल्याचे सांगितले. फिरोजाबादेत वैद्यकीय पथकावर दगडफेक झाल्याची बातमी आली, फिरोजाबाद पोलिसांनी ती नाकारली. अरुणाचल प्रदेशात जमातचे ११ रुग्ण सापडल्याचे एका वाहिनीने सांगितले, प्रत्यक्षात राज्यात तेव्हा एकच रुग्ण होता. वाहिनीला माफी मागावी लागली. नोएडात एका वृत्तसंस्थेची जमातविषयीची बातमी पोलिसांनीच जाहीरपणे खोडून काढली.

पण खुलासा कितीजणांनी वाचला? आरोपाला चर्चासत्र मिळतं, पाहुणे मिळतात, मागे संगीत मिळतं. खुलाशाला एक ट्वीट मिळतं. २८ मार्च ते ३ एप्रिल या आठवड्यात ‘कोरोना जिहाद’ हा हॅशटॅग ट्विटरवर सुमारे तीन लाख वेळा वापरला गेला. पोलिसांचे चार खुलासे त्यापुढे काय टिकणार?

चौथी युक्ती : जे ऐकायचं तेच ऐकवणं

१६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांच्या चालकाची जमावाने निर्घृण हत्या केली. मुले पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवेने गाव पेटले होते. म्हणजे अफवेनेच तीन जीव घेतले. आणि मग त्या खुनांवर आणखी एक अफवा उभी राहिली. चित्रफितीतल्या ‘ओए बस, बस’ या आवाजाचे ‘शोएब बस’ झाले, आणि देशभर ‘मुसलमानांनी साधू मारले’ असे पसरू लागले.

तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी २२ एप्रिलला अटक केलेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि सांगितले की यात एकही मुस्लिम नाही. त्याआधी ४ एप्रिलला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी, कोरोनाच्या विषाणूसारखाच फुटीचाही विषाणू पसरतो आहे, तो पसरवणाऱ्यांना सोडणार नाही, असा इशारा दिला होता. या दोन वक्तव्यांमुळे महाराष्ट्रात पुढचे बरेच काही टळले, असे आम्हाला वाटते. सत्तेवर कोण आहे यापेक्षा सत्तेवरचा माणूस खरी यादी वेळेवर लोकांपुढे ठेवतो की नाही, याला महत्त्व आहे. सरकार गप्प बसले की अफवा सरकारी होते.

यात फायदा कुणाचा?

केवळ द्वेष म्हणून सगळे चालते असे समजणे भोळेपणाचे ठरेल. यात व्यवहारही आहे. वाहिनीला जाहिरात मिळते टीआरपीवर. त्या काळात देशभरातल्या सुमारे ४४ हजार घरांतल्या यंत्रांवरून टीआरपी ठरत होती. एवढ्या घरांचे डोळे खिळवून ठेवले की कोटींच्या जाहिराती मिळतात. बातमीदार गावोगाव पाठवायचा, रुग्णालयात खाटा किती, स्थलांतरित मजूर कुठवर चालत पोहोचले हे शोधायचे, तर पैसा आणि वेळ लागतो. चार पाहुणे बोलावून आरडाओरड घडवायला खर्च नाममात्र. भीती आणि राग हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त विकला जाणारा माल आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये टीआरपीच्या फेरफाराचे प्रकरण मुंबई पोलिसांनी समोर आणले, तेव्हा वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे थांबवावे लागले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

दुसरा फायदा उत्तरदायित्व टाळणाऱ्यांचा. चार तासांत टाळेबंदी का लावली, मजुरांची सोय का केली नाही, तपासणी संच कमी का पडले, हे प्रश्न त्या दिवसांत विचारले जायला हवे होते. लोकांच्या रागाला एक तयार तोंड मिळालं आणि हे प्रश्न मागे पडले.

किंमत कुणी मोजली?

हातगाडीवर भाजी विकणाऱ्याने. उत्तर भारतात कित्येक ठिकाणी भाजीवाल्यांकडे आधार कार्ड मागून, नाव वाचून त्यांना गल्लीबाहेर काढले गेले. उत्तर प्रदेशातल्या देवरियाच्या एका आमदाराने मुसलमानांकडून भाजी घेऊ नका, असे लोकांना सांगितले. मेरठमधल्या एका खासगी रुग्णालयाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली की मुस्लिम रुग्णांनी कोरोना नसल्याचा अहवाल घेऊनच यावे. त्यावरून गुन्हा दाखल झाला, आणि रुग्णालयाने माफीही मागितली. हिमाचलच्या ऊना जिल्ह्यात एका तरुणाची चाचणी निगेटिव्ह आली होती, तरी गावकऱ्यांच्या टोमण्यांना कंटाळून त्याने जीव दिला. टीव्हीवरची चर्चा तासाभरात संपते, एखाद्या घरात तिचे परिणाम आयुष्यभर राहतात.

त्याच काळातली दुसरी चित्रेही होती. बरे झालेल्या जमातींनी इतर रुग्णांसाठी प्लाझ्मा दिला. इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने रमजानमध्ये जकात आणि देणग्यांतून ३६ लाख रुपये उभे करून शहरातल्या शासकीय आयजीएम रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभारून दिला. मुंबईत मुस्लिम स्वयंसेवकांनी, नातेवाईक येऊ शकत नव्हते अशा हिंदू मृतांचे अंत्यसंस्कार त्यांच्या धर्मरीतीने केले. या बातम्या आल्या, नाही असे नाही. पण त्यांच्यावर रात्री नऊचे चर्चासत्र झाले नाही.

न्यायालयांनी काय म्हटलं?

सगळ्यांत स्पष्ट निकाल आपल्या महाराष्ट्रातूनच आला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांनी, अहमदनगर जिल्ह्यातल्या प्रकरणात २९ परदेशी नागरिकांविरुद्धचे गुन्हे रद्द केले. त्यांना आसरा देणाऱ्या भारतीयांनाही दिलासा मिळाला. मरकजला आलेल्या परदेशींविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत मोठा अपप्रचार झाला, असे निकालपत्रात नमूद आहे. महामारीच्या वेळी सरकारे बळीचा बकरा शोधतात आणि या परदेशींना तसे निवडले गेले असण्याची शक्यता दिसते, असेही त्यात म्हटले आहे. न्या. सेवलीकर निकालाशी सहमत होते, मात्र काही निरीक्षणांशी त्यांनी असहमती नोंदवली. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. अर्धे सांगण्याची तक्रार करणाऱ्यांनी स्वतः अर्धे सांगू नये.

दिल्लीत ९०० हून अधिक परदेशींवर आरोपपत्रे दाखल झाली. बहुतेकांनी मायदेशी परतण्यासाठी किरकोळ दंड भरून प्रकरण मिटवले. ४४ जणांनी मात्र खटला लढायचे ठरवले. त्यांतल्या आठ जणांना न्यायालयाने आधीच आरोपमुक्त केले, उरलेले ३६ जण डिसेंबर २०२० मध्ये निर्दोष सुटले. जून २०२१ मध्ये वृत्तवाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेने जमातविषयीच्या कार्यक्रमांबद्दल दोन कन्नड वाहिन्यांना दंड केला, एकीला १ लाख रुपये आणि दुसरीला ५० हजार. एका प्राइम टाइम कार्यक्रमाच्या जाहिरातींपुढे ही रक्कम म्हणजे चहापाण्याचा खर्च.

आपण काय करायचं?

बातमीची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल, ही शिकवण सूरह हुजुरातमध्ये आहे. हजरत आयेशा (रजि.) यांच्याविरुद्ध मदीनेत अफवा उठली तेव्हा ती पसरवणाऱ्यांत काही आपलेच लोक होते. ऐकताक्षणी ‘हे खोटे आहे’ का म्हटले नाही, असा जाब सूरह नूरमध्ये मुसलमानांनाच विचारला गेला आहे. म्हणून हा धडा फक्त टीव्हीवाल्यांसाठी नाही. आपल्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘अमुक गावात मुस्लिमांवर हल्ला’ म्हणून कुठल्यातरी दुसऱ्या देशाची चित्रफीत येते आणि आपण ती ‘जास्तीत जास्त शेअर करा’ म्हणत पुढे ढकलतो. तोच गुन्हा आपल्या हातून घडतो. शिवाय आपली एक खोटी चित्रफीत पकडली गेली की आपल्या दहा खऱ्या तक्रारींवरचा विश्वासही जातो.

काही गोष्टी प्रत्येक घराला जमतील.

कुठलीही चित्रफीत पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न विचारा : कुठली, कधीची, कुणी सांगितलं? उत्तर नसेल तर पाठवू नका. गुगलवर फोटो टाकून जुना आहे का ते घरातली आठवीतली मुलगीही दोन मिनिटांत शोधून देईल.

वाहिनीने खोटे दाखवले तर वाद घालत बसू नका, पुरावा ठेवा. कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ, चित्रफीत जपून ठेवा. आधी वाहिनीकडे सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते, समाधान झाले नाही तर स्वनियामक संस्थेकडे जाता येते. वर्तमानपत्राबाबत आधी संपादकाला पत्र, मग प्रेस कौन्सिलकडे तक्रार. दैनिकासाठी मुदत दोन महिन्यांची आहे. प्रेस कौन्सिल शिक्षा देऊ शकत नाही, पण तिची ताकीद कागदावर राहते. धर्मांत वैर पसरवणाऱ्या मजकुराविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली पोलिसांत जाता येते. प्रत्येक मोहल्ल्यात एखादा वकील आणि दोन-तीन शिकलेली मुले एवढे काम सहज करू शकतात.

तिसरी गोष्ट मुलांची. आपल्याकडे मुलगा हुशार निघाला की डॉक्टर, इंजिनिअर. पत्रकारितेकडे कुणी वळू देत नाही. मग न्यूजरूममध्ये ‘हे जिक्र आहे, शिंकणं नाही’ हे सांगणारा एकही माणूस नसतो. मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांत चांगले मराठी लिहिणारी, बोलणारी आपली मुले-मुली हवीत.

आणि शेवटची गोष्ट, शेजाऱ्यांची. २०२० मध्येही अनेक गावांत अफवेचा जोर चालला नाही, कारण तिथला भाजीवाला, मास्तर, शिंपी कोण आहे हे लोकांना वर्षानुवर्षांच्या ओळखीने ठाऊक होते. ज्याच्या घरी ईदचा शीरखुर्मा जातो त्याला टीव्हीवरचा मुसलमान आणि शेजारचा मुसलमान यांतला फरक कळतो. म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाच्या त्या निकालाची बातमी फक्त आपल्या ग्रुपवर फिरवू नका. ज्या सहकाऱ्याने, ज्या मित्राने २०२० मध्ये तुम्हाला तबलीगवरून विचारले होते, त्याच्यासमोर चहा घेता घेता ती शांतपणे ठेवा. राग नको, टोमणा नको. तारीख, न्यायाधीशांचे नाव आणि आरोपपत्रांची संख्या एवढे पुरेसे आहे.